आठ तासांचा नाच

बेंगळुरूच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध-चाचणी कंपनीत कल्पनाअक्का सुलाखे एकोणतीस वर्षं उंदरांचा वात्रटपणा मोजत होत्या. हे काम ऐकून कुणी हसलं की त्याही हसायच्या, कारण ते हसण्यासारखंच होतं. सकाळी नऊ वाजता उंदराला तरतरी आणणारं औषध पाजायचं आणि मग दर पंधरा मिनिटांनी पिंजऱ्यासमोर उभं राहून त्याला गुण द्यायचे. झोपला असेल तर शून्य. जागा आहे पण लोळतोय, एक. हुंगत फिरतोय, दोन. मागच्या पायांवर उभा राहून छताची चौकशी करतोय, तीन. धावतोय, चार. धावत सुटलाय आणि कशासाठी ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही, पाच. आणि सहा म्हणजे कळस. औषध डोक्यात इतकं भिनतं की धावणंही थांबतं, आणि उंदीर एका कोपऱ्यात उभा राहून नुसती मान डोलवत राहतो. नवख्याला वाटतं, दमला बिचारा. कल्पनाअक्का एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "हा दमलेला नाही, हा पोचलेला आहे."

गुण देण्याची ही खोड पुढे माणसांवरही उतरली. सकाळी आर. व्ही. रोडला पिवळ्या मेट्रोत बसलं की समोरच्या बाकावरच्या मंडळींची तपासणी सुरू व्हायची. मोबाइल धरून पेंगणारा, एक. कानात बोळे खुपसून पाय नाचवणारा, तीन. बोम्मसंद्रा यायच्या चार स्टेशनं आधीच दाराशी उभा राहणारा, चार. हे सगळं मनातल्या मनात चालायचं म्हणून बरं, नाहीतर एखाद्या दिवशी मार खाल्ला असता.

सुलाखे मंडळी चार पिढ्यांपूर्वी चिक्कपेटेत येऊन स्थिरावलेली. घरची मराठी शाबूत होती, पण तिच्यात कन्नड असं मुरलं होतं की पुण्याहून आलेल्या माणसाला पहिले चार दिवस या बाई नक्की कुठल्या ते कळायचं नाही. कंपनीत त्यांना साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे अक्का म्हणायचे. एकोणतीस वर्षांत त्यांच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. चूक झालीच तर नियमाप्रमाणे एक सरळ रेघ, बाजूला बरोबर आकडा, तारीख आणि सही. अशा रेघा त्यांनी सगळ्या मिळून सात मारल्या होत्या, आणि सातही त्यांना तोंडपाठ होत्या.

नव्याने लागलेल्या पोरापोरींना त्या औषधाचं चालणं आपल्या भाषेत समजावायच्या. "औषध म्हणजे पाहुणा. तोंडातून आत आला, आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरला, अर्ध्या तासात मेंदूत जाऊन बसला. आता तिथे धुडगूस घालणार. आपलं काम काय? तो कधी आला, किती वेळ रमला आणि कुठल्या दाराने गेला ते बघायचं. दारं दोन. एक यकृताचं, तिथे त्याचे तुकडे होतात. दुसरं मूत्रपिंडाचं, तिथून तो अख्खाच्या अख्खा बाहेर पडतो. सरी? कळलं?" पोरं मान हलवायची. मग शेपटीतून रक्ताचा थेंब काढायला शिकवायच्या, उंदराला न कळेल इतक्या हलक्या हाताने, आणि तो थेंब वरच्या मजल्यावरच्या यंत्राकडे जायचा. यंत्र सांगायचं पाहुणा किती उरलाय. अक्का सांगायच्या तो करतोय काय.

आता या सुरळीत संसारात पालक कुठून आला ते सांगायला हवं.

अक्कांचे यजमान गुरुप्रसाद एका सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं सुट्या भागांची मापं तपासत होते. मिलिमीटरचा हजारावा भाग इकडेतिकडे झाला तर भाग परत पाठवणारा माणूस. मागच्या वर्षी निवृत्त झाले, शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दोन आठवडे ते खुर्चीत असे बसून राहिले की अक्कांना नाइलाजाने त्यांना 'एक' द्यावा लागला. मग एके दिवशी ते रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊन गच्चीवर गेले आणि पालक लावला. बेंगळुरूची हवा, गुरुप्रसादांची शिस्त, पट्टीने मोजून सोडलेलं अंतर. पालक नुसता माजला. आमटीत पालक, डोशात पालक, ताकात पालक, सोप्पु सारू, म्हणजे पाल्याचं सार, तर रोजचंच. शेजाऱ्यांना वाटून झाला. पहिल्यांदा त्यांनी आनंदाने घेतला, दुसऱ्यांदा सौजन्याने, आणि तिसऱ्यांदा बेल वाजली तर आतला टीव्ही गपकन बंद व्हायचा.

तरी गुरुप्रसाद आता 'चार'वर होते आणि अक्कांना तेवढंच हवं होतं. ते रोज सकाळी अक्कांच्या पिशवीत पालकाच्या जुडीचा दुसरा एक डबा ठेवायचे. "मैत्रिणींना दे, ताजा आहे," म्हणायचे. मैत्रिणी तर केव्हाच पांगल्या होत्या. डबा भरलेला परत आला की गुरुप्रसाद झाकण उघडून बघायचे आणि गुपचूप गच्चीवर निघून जायचे. त्यांच्या त्या जिना चढणाऱ्या पावलांचा आवाज अक्कांना सहन व्हायचा नाही. आणि टाकून देणं हा प्रश्नच नव्हता. कोथिंबिरीचे देठसुद्धा वाटून आमटीत घालणारी बाई ती.

अशा कात्रीत सापडलेल्या अक्का एका दुपारी तीन नंबरच्या खोलीत बारा पिंजऱ्यांसमोर उभ्या होत्या. बारा पांढरे उंदीर गुलाबी नाकं जाळीला लावून त्यांच्याकडे बघत होते. अकरा आठवडे त्यांचा मुक्काम होता आणि पुढे काय ते अक्कांना माहीत होतं. एकोणतीस वर्षांत त्याची सवय झाली नव्हती. फक्त न बोलण्याची झाली होती. त्यांनी पालकाची जुडी गाळलेल्या पाण्यात तीनदा धुतली आणि प्रत्येकाला मूठमूठ दिली. बारा तोंडांतून जो कुरकुर आवाज सुटला तो ऐकून अक्कांना उगाचच भरून आलं. गुरुप्रसादांना संध्याकाळी रिकामा डबा मिळाला आणि ते जेवताना गाणं गुणगुणले.

नियम होता, नाही कशाला म्हणा. 'ठरलेल्या गोळ्यांखेरीज दुसरं खाद्य देऊ नये.' अक्का दरवर्षी त्याखाली सही करायच्या. पण त्यांच्या लेखी खाद्य म्हणजे पोट भरणारी वस्तू. भाकरी, भात, नाचणीचे मुद्दे. पालक म्हणजे तोंडी लावणं. लोणच्याच्या फोडीला कुणी जेवण म्हणतं का? असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं, आणि समजावणं अगदीच निरागस होतं असंही नाही, कारण पालक त्या कामाच्या पांढऱ्या झग्याच्या खिशातून नेत होत्या. हे असं दोन महिने चाललं.

त्याच बारा उंदरांवर अडतीस नंबरची चाचणी आली.

अडतीस नंबर हे औषध डॉक्टर निहार देवस्थळींच्या गळ्यातला ताईत होतं. ज्या मुलांचं चित्त एका जागी ठरत नाही, वर्गात बसवत नाही, त्यांच्यासाठी. जुन्या उत्तेजक औषधांचंच हे भावंड. बनवलं होतं एका परदेशी कंपनीने, आणि प्राण्यांमधल्या चाचण्या बोम्मसंद्रात. निहार पुण्याचा, चौतीस वर्षांचा, सर्जापूर रोडवर सोळाव्या मजल्यावर राहणारा. हुशार, भाबडा आणि मुळातच 'साडेतीन'. अडतीस नंबरची एकच खोड होती. साडेतीन तासांत असर संपायचा. म्हणजे पोराला शाळेत दुपारची दुसरी गोळी, म्हणजे चारचौघांत ती गिळणं, म्हणजे चिडवणं. निहारला लहानपणी दम्याचा पंप शाळेत ओढावा लागायचा, आणि त्यावरून ठेवलेलं नाव त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. अक्कांना सांगितलं होतं.

चाचणीच्या दिवशी नऊला औषध पाजलं. साडेनऊला चार-पाच, दहाला सगळे पाच, अकराला सातजण सहावर जाऊन कोपऱ्यात मान डोलवू लागले. सगळं पुस्तकाबरहुकूम. साडेबाराला उतार लागायला हवा होता. लागला नाही. एकला निहार जिना उतरून आला. "अक्का, अजून?" "अजून." दोनला तो पुन्हा आला, हातात कॉफी. तीन वाजता बारा उंदीर असे नाचत होते की पिंजऱ्यांच्या झाकणांचा ताशा वाजत होता. निहारने काचेला नाक लावलं. मागून वरच्या मजल्यावरचे तिघे आले, मग भांडारातली माणसं, मग दाराजवळचा सुरक्षारक्षकही.

"अक्का, हे अनबिलीव्हेबल आहे," निहार म्हणाला. "सहा तास झाले."

"स्वल्प मागे सरा, डॉक्टर. काचेवर वाफ येते, मला दिसत नाही."

पाच वाजता शेवटचा उंदीर कुशीवर कलंडला. आठ तास. रक्ताच्या थेंबांनीही तेच सांगितलं. पाहुणा हलायला तयारच नव्हता. निहारने तोवर पाच कॉफ्या प्यायल्या होत्या आणि तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत-उतरत होता. मध्येच थांबून फळ्यावर आकडे मांडायचा, पुसायचा, पुन्हा तेच मांडायचा. अक्कांनी मनात त्याला पाच दिले. एक गोळी सकाळी, आणि पोराची शाळा सुटेपर्यंत काळजी नाही. त्याने पुण्याला आईला फोन लावला आणि एवढ्या मोठ्याने बोलला की फोनची गरजच नव्हती.

मग कंपनीलाच वारं शिरलं. म्हैसूरपाक आला. तो संपला म्हणून पुन्हा आला. परदेशातून कौतुकाचं पत्र आलं, आणि सोमवारी अकराला त्या लोकांशी संगणकावर बैठक ठरली. त्यात पुढच्या चाचण्यांचा, म्हणजे माणसांवरच्या, निर्णय व्हायचा होता. निहार विभागप्रमुख होणार अशी कुजबूज जिन्यात सुरू झाली. एरवी भिंतीला पाठ लावून चालणारे हिशेबनीस लिफ्टमध्ये शीळ घालताना सापडले. दर्जा तपासणाऱ्या नीरजामॅडम, ज्यांना हसताना पाहिलेला माणूस अजून नोकरीला लागायचा होता, त्याही म्हैसूरपाकाचा तुकडा उचलून म्हणाल्या, "चालेल." अक्कांना वाटलं, अडतीस नंबर पाण्याच्या टाकीतच पडलाय की काय. त्याही त्या लाटेत होत्या. घरी जाऊन गुरुप्रसादांना सांगितलं, "माझ्या खोलीत झालं हे."

शुक्रवारी तीन वाजता निहारने सगळ्यांना बोलावून व्याख्यान दिलं. विषय, असं का झालं असावं. तो फळ्यासमोर मागे-पुढे करत बोलत होता.

"अक्का म्हणतात तसं, पाहुण्याला दोन दारं. ह्या खानदानातल्या औषधांना मूत्रपिंडाचं दार जास्त आवडतं. पण तिथे एक गंमत आहे. लघवी आंबट असेल तर ते दारातून सटकन बाहेर. आंबट नसेल, तर दारापर्यंत गेलेला पाहुणा परत रक्तात फिरतो. पुन्हा मेंदूत. नाच चालू. ही गोष्ट जुनी आहे, पुस्तकात आहे. धान्य, मांस खाल्लं की लघवी आंबट होते. पालेभाज्या खाल्ल्या की उलट." त्याने हसून मागे बघितलं. "आता आपले उंदीर काही पालक खात नाहीत. म्हणजे कारण दुसरं आहे. म्हणजे हे मॉलिक्यूलच वेगळं आहे."

सगळे हसले. कल्पनाअक्कांच्या पाठीवरून घामाचा एक ओघळ थेट कमरेपर्यंत गेला.

व्याख्यान संपल्यावर त्या तीन नंबरच्या खोलीत गेल्या. दीड वाजताच त्यांनी पालक वाटला होता. एका पिंजऱ्यात अजून देठ पडला होता. पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या त्यांनी कपाटातून काढल्या आणि पिंजऱ्याखालच्या ताटलीतल्या ओलसर जागी एक टेकवली. पट्टी निळसर हिरवी झाली, म्हणजे आंबट नाही. दुसरी, तिसरी, बारावी. सगळ्या तशाच. मग त्या शेजारच्या चार नंबरच्या खोलीत गेल्या, जिथले उंदीर फक्त खाद्याच्या गोळ्या खायचे. पट्टी पिवळी, म्हणजे आंबट. पुन्हा लावली. पिवळीच. अक्का स्टुलावर बसल्या. "अय्यो देवा," त्या म्हणाल्या, आणि उंदरांनी त्यांच्याकडे बघून नाकं हलवली, कारण अक्का आल्या म्हणजे पालक आला असा त्यांचा दोन महिन्यांचा अनुभव होता.

शनिवार-रविवार अक्कांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. निवृत्तीला चार वर्षं होती. हा नियम मोडला म्हणून मागे एकाला सरळ घरी पाठवलेलं त्यांनी बघितलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे निहार. त्याचा तो चेहरा, ते जिने चढणं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? उंदीर काही बोलणार नव्हते. पण मग त्यांच्या डोळ्यांसमोर एक पोर यायचं, कुणाचं तरी, आठ-नऊ वर्षांचं, डब्यात चित्रान्न घेऊन शाळेत गेलेलं. आईला सांगितलेलं असणार, एका गोळीवर संध्याकाळपर्यंत चालेल. साडेबाराला असर संपणार, पोर बाकावरून उठून पळणार, आणि मार खाणार ते पोरच. किंवा भाजीखाऊ घरातलं असेल आणि चढलेलं औषध उतरणारच नाही. अक्का भात परतता परतता थांबायच्या आणि फोडणी जळायची.

रविवारी गच्चीवर गुरुप्रसाद जुड्या बांधत होते. आठवडाभराची सगळ्यात मोठी जुडी त्यांनी अक्कांसाठी बाजूला काढली होती.

"तुमच्या कारखान्यात," अक्कांनी विचारलं, "कुणी माप चुकीचं लिहिलं तर काय व्हायचं?"

"चुकलं की लिहिलं?"

"लिहिलं."

गुरुप्रसादांनी सुतळीची गाठ मारली. "भाग चुकला तर तो बाजूला काढता येतो गं. माप चुकीचं लिहून पुढे गेलं, तर ते कुठे कुठे जाऊन बसलं ते शोधत हिंडायचं. माझ्या वेळी एकदा झालं होतं. दोन वर्षं शोधत होतो." मग त्यांनी वर बघितलं. "का? तुझं काही चुकलं?"

"नाही, सहज," अक्का म्हणाल्या, आणि रिकामा डबा सोडला तर हे त्यांचं लग्नानंतरचं पहिलं मोठं खोटं होतं.

सोमवारी त्या पहिल्या मेट्रोने गेल्या. जुडी पिशवीतच ठेवली. चाचणीची वही काढली, चाचणीच्या पानावर शेवटच्या ओळीखाली जागा होती तिथे पेन टेकवलं आणि लिहायला सुरुवात केली. सुवाच्य अक्षर, जसं नेहमी. या बारा प्राण्यांना मी दोन महिने रोज दुपारी ताजा पालक दिला आहे, अंदाजे एक मूठ प्रत्येकी. नियमाविरुद्ध आहे हे मला माहीत होतं. लघवीची तपासणी शुक्रवारी केली, निकाल सोबत. बाराच्या बारा पट्ट्या वाळवून पारदर्शक पिशवीत घातल्या होत्या, त्या पानाला टाचल्या. तारीख, वेळ, सही. मग दोन मिनिटं तशाच बसल्या. स्वतःला किती गुण द्यावे ते त्यांना ठरवता येईना.

सव्वादहाला त्या निहारच्या खोलीत गेल्या. तो नवा शर्ट घालून आरशासमोर उभा राहावा तसा संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर भांग नीट करत होता.

"डॉक्टर, दार लावते. स्वल्प बसा."

"अक्का, आज बसवतच नाही मला. बोला ना."

"उंदीर पालक खात होते."

निहार हसला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. अक्कांनी सगळं सांगितलं. गच्ची, बादल्या, डबा, जिन्यावरची पावलं, पट्ट्या. मध्ये एकदाही रडल्या नाहीत. निहार खुर्चीत बसला आणि हळूहळू खाली उतरत गेला, आणि शेवटी टेबलामागे त्याचा नुसता चेहरा उरला. पाच, चार, तीन. अक्कांना तो आकडा खाली येताना दिसत होता आणि त्यांना तो धरून ठेवता येत नव्हता.

 मग खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, हे अजून कुणाला माहितीये?"

"नाही."

"मग असं करू का... म्हणजे, आजची मीटिंग होऊ दे. आपण नंतर शांतपणे रिपीट करू. पालक बंद. कदाचित पालकामुळे नसेलच. ॲक्चुअली शक्य आहे. आज काही बोलायला नको."

"वहीत लिहून आलेय."

"काय?"

"आधी लिहिलं, मग तुमच्याकडे आले." अक्कांचा आवाज आता मात्र फाटला. "तुम्ही नको म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं, डॉक्टर. मला माहीत होतं ऐकेन. तुम्हाला नाही म्हणायला मला येत नाही. म्हणून आधी लिहिलं."

निहारने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. अक्कांना वाटलं पोर रडतंय, त्या धावत टेबलाच्या पलीकडे गेल्या. तर तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे शुक्रवारी," त्याला बोलता येईना, "मी सगळ्यांसमोर म्हटलं, आपले उंदीर काही पालक..."

"हो. आणि दीड वाजताच दिला होता मी."

"म्हैसूरपाक, अक्का. दोनदा."

"नीरजामॅडमनेसुद्धा खाल्ला."

यावर दोघंही असे सुटले की बाहेरून कुणीतरी दार वाजवून विचारलं सगळं ठीक आहे ना. अक्का खुर्चीची पाठ धरून हसत होत्या आणि त्याच वेळी त्यांना रडू येत होतं, आणि यातलं कुठलं थांबवायचं ते कळत नव्हतं. शेवटी निहारने नाक पुसलं, वही मागवली, ते पान दोनदा वाचलं आणि खाली 'वाचलं' लिहून सही केली.  मग त्याने स्वतःच नीरजामॅडमना फोन लावला.

नीरजामॅडम पंधरा मिनिटांत कागद घेऊन आल्या. त्या हसल्या नाहीत. ताकीदपत्र, प्राण्यांच्या खोलीत तीन महिने प्रवेश बंद, पुढचा निर्णय समितीचा. अक्कांनी एकोणतीस वर्षांतलं पहिलं ताकीदपत्र उभ्यानेच वाचलं आणि सही केली. मॅडम जाता जाता दारात थांबल्या. "तुमची ही वही मी आठवड्यापूर्वीच तपासून सही केली होती," त्या म्हणाल्या. "मला काहीच सापडलं नसतं." आणि निघून गेल्या.

अकराला निहारने अक्कांना शेजारी बसवून घेतलं. पडद्यावर चार चेहरे होते, तीन हसरे, आणि मध्ये पिकल्या केसांच्या एक बाई, परदेशी कंपनीच्या संशोधनप्रमुख. बेंगळुरूच्या हवेची चौकशी झाली. निहारने घसा साफ केला आणि इंग्रजीत सरळ सांगून टाकलं. आठ तास हे औषधाचं काम नाही, भाजीचं आहे. भाजी नसेल तर बहुधा पूर्वीचेच साडेतीन तास. तीन हसरे चेहरे विझले. एकाने कपाळाला हात लावला. चाचणी रद्द, वेळ वाया, पुढचं सगळं लांबणीवर. निहार ऐकत होता, मान हलवत होता, आणि टेबलाखाली त्याचा गुडघा थांबत नव्हता. अक्कांनी त्यावर हात ठेवला, जसा त्या घाबरलेल्या उंदराच्या पाठीवर ठेवायच्या.

पिकल्या केसांच्या बाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "हे तुमच्या तपासणीत सापडलं का?"

"नाही," निहार म्हणाला. "तपासणीत कधीच सापडलं नसतं. ह्या आमच्या कल्पनाअक्का. यांनी चूक केली आणि यांनीच आज सकाळी लिहून दिली."

"आपणहून? कुणी न विचारता?"

"हो."

बाईंनी चष्मा काढला, समोरच्या जाडजूड फाइलीवर हात ठेवला. त्यात अडतीस नंबरच्या दोन वर्षांच्या चाचण्या होत्या, सगळ्या बोम्मसंद्राहून गेलेल्या.

"या फाइलीतले बाकीचे गुणही याच बाईंनी दिलेत?"

"सगळे."

"मग हे एक पान बदलून पाठवा," त्या म्हणाल्या. "बाकीची फाइल मी पुन्हा तपासायला घेणार नाही. आणि भाजी खाणाऱ्या मुलांसाठी वेगळी चाचणी लागेल, ती आधी करू."

अक्कांना तेवढं इंग्रजी येत होतं. त्यांनी ओढणीने डोळे पुसले, निहारच्या गुडघ्यावरचा हात काढला आणि तीन नंबरच्या खोलीच्या किल्ल्या नीरजामॅडमकडे द्यायला उठल्या.